टाकीपाशी भरलेला वर्ग

चौतीस वर्षं मी विट्यात गणित शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत माझं एक मत कधी बदललं नाही. ज्या पोराला वर्गात बसून गणित येत नाही, त्याला बाहेर उभं केलं की येतं. हसू नका. अनुभवाचे बोल होते ते. आमच्या शाळेच्या मागल्या अंगाला सिमेंटची पाण्याची टाकी होती. तिला तीन तोट्या आणि त्यातली मधली कायम गळकी. तिथं लिंबाची सावली होती आणि माझ्या खिडकीतून नजर ठेवता यायची, म्हणून ती शिक्षेची जागा. बाहेर जाताना पोराला ऋण संख्या कशाशी खातात ते ठाऊक नसायचं. पंधरा मिनिटांनी आत आलं की तेच पोरगं फळ्यावर धडाधड उदाहरण सोडवायचं. नव्यानं लागलेल्या शिक्षकांना मी हे आवर्जून सांगायचो. चार लोकांत लाज वाटली की डोकं चालायला लागतं, म्हणायचो.

मी श्रीरंग तगारे. पोरं माघारी मला कंपास म्हणायची, कारण फळ्यावरचा तो लाकडी कंपास माझ्या हातात कायम असायचा. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघे दोन्ही नवे आहेत आणि जीभ जुनीच आहे, असं माझ्या बायकोचं, कुमुदचं म्हणणं.

गेल्या चैत्रात पुण्याहून एक मुलगी घरी आली. डॉक्टर शर्वरी लोखंडे. औषधाची डॉक्टर नव्हे, स्मरणशक्तीचा अभ्यास करणारी. तिनं सांगितलं ते असं. जूनपासून राज्यातल्या प्रत्येक शाळेत बोधसंच नावाचं यंत्र येणार आहे. मूल कसं शिकतं ते हा संच आठ दिवसांत ओळखतो. कुणाला बसून कळत नाही, चालताना कळतं. कुणाला लिहिल्याशिवाय कळत नाही. कुणाला वाद घालायला समोर माणूस लागतो. ज्याला जसं रुचतं तसं त्याला शिकवायचं. पण शिकवायचं काय? त्यासाठी त्यांना डोक्यात टिकून राहिलेली स्पष्टीकरणं हवी होती. म्हणून त्यांनी पन्नाशीच्या हजारो लोकांना शाळेतलेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यातला एक होता: ऋण गुणिले ऋण धन का होतं? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, नियम आहे म्हणून.

"पण सर, तुमच्या शाळेची २००३ सालची आठवी ब," शर्वरी म्हणाली, "त्यातले एकतीस जण सापडले. सव्वीस जणांनी कारण सांगितलं. आणि सव्वीसच्या सव्वीस जणांनी पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं."

माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू. टाकीचं उदाहरण म्हणजे माझं लाडकं अपत्य. टाकीतलं पाणी दर तासाला तीन वीत उतरतंय, म्हणून उणे तीन. आणखी दोन तासांनी ते सहा वीत कमी असेल. पण दोन तासांपूर्वी? पूर्वीचे म्हणून ते तास उणे दोन. तेव्हा पाणी आत्तापेक्षा सहा वीत जास्त होतं. झालं की नाही उणे गुणिले उणे अधिक? जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे 'तगारे सरांची टाकी' म्हणून छापलं होतं. शाल आणि नारळ मिळाला होता. शाल अजून कपाटात आहे.

शर्वरी म्हणाली, तुमचा आवाज आम्हाला बोधसंचात हवा. पाठाचं नावही तुमचंच ठेवू. जूनपासून लाखो पोरांना माझा आवाज गणित समजावणार होता. त्या दिवसापासून मी मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. आरशासमोर उभा राहून सराव करताना कुमुदनं पकडलं, तेव्हा म्हणाली, लग्नात एवढी तयारी केली असती तर फोटो बरे आले असते.

रेकॉर्डिंगच्या आधी, पोरं हे कुणाकडून शिकली याची एक पडताळणी बाकी होती. त्यासाठी शर्वरी एक टोपडं घेऊन आली. लहान बाळाच्या कुंचीसारखं मऊ, आत बारीक तारांची जाळी. त्याचं नाव उगमदर्शक.

त्याचं शास्त्र तिनं मला नीट समजावलं. आपण शिकलेली गोष्ट मेंदूत टिकते, पण ती कुठं आणि कुणाकडून शिकलो याची खूण फार कच्ची असते. वर्षं गेली की ती पुसट होते आणि मग माणसाला वाटतं, हे मला आधीपासून येत होतं, किंवा हे मलाच सुचलं. पुसट होते, पण पुरती जात नाही. प्रश्न विचारला की उत्तर काढताना मेंदू ती जुनी जागा पापणी लवण्याइतका वेळ जागी करतो. आपल्याला ते जाणवतसुद्धा नाही. टोपडं नेमका तो क्षण पकडतं आणि हलक्या स्पंदनांनी मेंदूला परत ऐकवतं. तोच प्रश्न पाच-सहा वेळा विचारला की जागा माणसाच्या डोळ्यासमोर उभी राहते. जे दिसतं ते फक्त त्याला दिसतं. बाकीच्यांनी तो सांगेल तेवढं ऐकायचं. आणि ती आठवण कायद्यानं त्याचीच. त्याच्या सहीशिवाय तिची नोंद ठेवता येत नाही.

त्या सव्वीस जणांतला पहिला बसला अन्वर मुजावर, एसटीच्या डेपोत मुख्य मेकॅनिक. शाळेत असताना त्याचा पाय एक मिनिट शांत नसायचा, त्यापायी माझ्या हातचा त्यानं बराच मार खाल्ला. आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच खुर्चीत तो टोपडं घालून बसला आणि शर्वरी प्रश्न विचारत गेली. पाचव्या वेळेला त्याचा चेहरा मऊ झाला.

तो म्हणाला, मी टाकीभोवती चकरा मारतोय. शेवाळाचा वास येतोय. शालन तोटीखाली हात धरून बसलीय आणि सांगतीय, चालत राहा, एका चकरेला एक तास, आता उलट्या चकरा मार आणि पाणी किती ते सांग. मग तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही नाही दिसत हो कुठं."

दुसरी सुनंदा महाडिक. ती टाकीच्या ओल्या कठड्यावर बोटानं आकडे लिहीत होती. ऊन लागून ते वाळायचे आणि शालन तिला पुन्हा लिहायला लावायची. तिसरा प्रकाश ढोले, आता वकील. त्याला शालन मुद्दाम चुकीचं सांगायची आणि तो तावातावानं भांडून तिचं बरोबर करायचा. तिघांनाही ती सुरुवातीला एकच वाक्य म्हणायची: "काय कळलं नाही ते सांगू नको. कळलं तेवढं सांग." तिघांनी हे वाक्य एकमेकांना न विचारता, जसंच्या तसं सांगितलं.

अन्वर जाता जाता आणखी एक सांगून गेला. आम्ही मुद्दाम चुकायचो सर. पट्टी असून विसरलो म्हणायचो. तुम्ही बाहेर काढावं म्हणून.

शर्वरीनं विचारलं, शालन कोण? मी म्हटलं, शालन दिवटे. बापाचे दोन यंत्रमाग होते. भयंकर बडबडी पोरगी. शेजारच्याशी बोलल्याशिवाय तिचा तास जायचा नाही, म्हणून टाकीपाशी सगळ्यात जास्त वेळ तीच उभी असायची. आणि मग माझा आवाज चढला. मी म्हटलं, पोपट होती ती. मी आत शिकवायचो ते बाहेर जाऊन बोलायची, त्यात तिचं काय?

शर्वरी शांतपणे म्हणाली, असेल सर. मग तुम्हीच एकदा घाला ना टोपडं.

मी रागारागानंच घातलं. तिनं प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. पुन्हा विचारला, पुन्हा दिलं. चौथ्या वेळेला नाकात खडूचा वास आला. सहाव्या वेळेला मी आठवी ब च्या खिडकीशी उभा होतो.

काय सांगू तुम्हाला. पस्तीस वर्षं मागं गेलो मी. डाव्या बाहीवर खडूची पांढरी रेघ, खिडकीच्या गजाला गंज, मागच्या बाकावर कुणाच्या तरी डब्यातला लसणीच्या चटणीचा वास. आमच्या गावाला मागांच्या खटखटाटाची इतकी सवय, की तो थांबला तरच कान टवकारायचे. त्या दिवशी वीज गेली होती आणि माग बंद होते. सगळा गाव कसा श्वास रोखल्यासारखा गप्प होता. म्हणून मला तिचा आवाज ऐकू आला. मी ओरडायला खिडकीशी गेलो होतो, कंपास हातात होता. ती कुणाला तरी विचारत होती, "आणि दोन तासांपूर्वी किती पाणी होतं?"

आणि मला कळलं. बी.एस्सी., बी.एड., पंधरा वर्षांचा शिक्षक मी, तोवर पोरांना नियम आहे, पाठ करा, एवढंच सांगत होतो. कारण मलाही तेवढंच सांगितलं होतं. ऋण गुणिले ऋण धन का, ते मला त्या खिडकीत, त्या मिनिटाला पहिल्यांदा कळलं. अंगावर काटा आला होता. मग मी खिडकीतून ओरडलो, "शालन, तोंड बंद!" आणि पुढच्या आठवड्यात आठवी अ ला टाकीचं उदाहरण दिलं.

मी टोपडं काढलं. शर्वरीनं नोंदीचा कागद समोर ठेवला, ठेवा आणि पुसा अशा दोन चौकटी त्यावर होत्या, आणि ती आत कुमुदकडे चहाला गेली. पोरगी शहाणी होती.

पुसा म्हटलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. तिघांच्या बोलण्यावर मी पोपटाची गोष्ट सांगितलीच होती आणि ती पटण्यासारखी होती. पाठ माझ्या नावानं निघाला असता. मी त्या चौकटीवर पेन ठेवलं होतं, हे मी लपवत नाही.

पण मला दुसरंही आठवत होतं आणि त्याला टोपडं लागत नव्हतं. त्याच वर्षी परीक्षेनंतर शालनचा बाप, महादेव दिवटे, शाळेत आला होता. टोपी हातात धरून दारात उभा. विचारत होता, पोरीला पुढं शिकवू का? घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला माणूस कमी पडतंय, पण तुम्ही म्हणाल तसं करतो. मी प्रगतिपुस्तकावर सह्या करत होतो, मानही वर केली नाही. म्हटलं, तोंड चालतं तिचं, डोकं नाही. लावा कांड्या भरायला. जूनमध्ये ती आली नाही. टाकीपाशी उभं राहून नववीच्या पोरांना काही येईना, तेव्हा मी म्हटलं, ही बॅचच ढ आहे.

कुमुद चहा घेऊन आली. तिनं माझा चेहरा बघितला आणि विचारलं काय दिसलं ते. मी सगळं सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुमच्या वर्गात एखाद्यानं दुसऱ्याचा पेपर बघून लिहिला, तर तुम्ही किती मार्क देत होता?"

"शून्य," मी म्हटलं आणि ठेवा या चौकटीत सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालनच्या घरी गेलो. जुन्या मागाच्या शेडच्या जागी आता दोन खोल्या आहेत, पुढं ओटा, ओट्यावर खाट, खाटेवर तिचे वडील. नव्वदीला टेकलेले. शालन दारातच भेटली. केस निम्मे पांढरे झालेले, कामाला निघाली होती. गावाबाहेरच्या नव्या कारखान्यात ती मदतनीस आहे. पण नवीन माणूस आलं की मशीन शिकवायला तिच्याकडेच देतात, असं मला वाटेत भेटलेल्या अन्वरनं सांगितलं होतं. मला बघितल्याबरोबर ती ताठ उभी राहिली, दोन्ही हात मागं. पस्तीस वर्षांनी. मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सगळं सांगितलं. तिघांचं, माझं, खिडकीचं. पाठ तुझा आहे, आवाज तुझा हवा, नाव तुझं लागेल, असंही सांगितलं. ती पदराशी चाळा करत ऐकत राहिली. नंतर म्हणाली, मला ठाऊक होतं. तिची मुलगी आठवीत असताना एक दिवस शाळेतनं उड्या मारत आली होती. आई, तगारे सरांची टाकी ऐक, म्हणाली होती.

"मग तू काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार? म्हटलं, चांगलं शिकवतात की तुमचे सर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही आलं. ती म्हणाली, आवाज देते मी. यंत्र कसलं का असंना, पोरांना कळल्याशी मतलब. पण माझी एक अट हाय. आणि तिनं खाटेकडे हात केला.

"तुम्ही अण्णांना जे सांगितलं होतं, ते त्यांनी जन्मभर खरं मानलं. माझ्या पोरीनं पुढं शिकायचं म्हटलं तरी म्हणायचे, आईचं डोकं आलं असंल तर काय उपयोग. मी भांडून शिकवली तिला. तुम्ही त्यांना सांगा सर. लाखो पोरांना नाय सांगितलं तरी चालंल."

लाखो पोरांपुढं नाव सोडायला मी काल तयार झालो होतो. पण त्या एका म्हाताऱ्यापर्यंतची चार पावलं माझ्या नव्या गुडघ्यांना जड गेली. मी खाटेपाशी बसलो आणि म्हटलं, अण्णा, मी तगारे मास्तर. ते नुसतं बघत राहिले. जन्म मागावर गेला, कान पार गेलेले. मी आवाज चढवला. तुमच्या मुलीनं मला गणित शिकवलं. ते हसून मान हलवू लागले, पाव्हण्याला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी. मी आणखी ओरडलो, चूक माझी झाली अण्णा, पोरीचं डोकं चांगलं होतं. समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या, एक सायकलवाला थांबला. सगळ्या गल्लीला कळलं, फक्त अण्णांना सोडून. चौतीस वर्षं मी हेच केलं होतं. कळलं नाही की मोठ्यानं सांगायचं.

"सर," शालन मागून म्हणाली, "ओरडू नका. त्यांना ऐकून कळत न्हाई. त्यांना हातानं सांगावं लागतं."

मागाच्या खटखटाटात विणकर हातानंच बोलतात. इतकी वर्षं या गावात राहून मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. तिनं मला तिथंच, ओट्याच्या कडेला बसवून शिकवलं. दोन्ही तर्जन्यांची टोकं जुळवून झटक्यात लांब केली, की धागा तुटला. तळहात छातीवर, म्हणजे माझ्या हातनं. माणसाकडे बोट करून स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला, की यानं मला काम शिकवलं, हा माझा उस्ताद. अंगठा तर्जनीवर दोनदा घासला, म्हणजे गाठ मार आणि माग चालू कर. मी पहिल्यांदा सगळं गोंधळलो. तिनं नेहमीचं वाक्य म्हटलं, कळलं तेवढं सांगा. मी दोन खुणा बरोबर केल्या. मग तिसरी जमली.

मी अण्णांकडे वळलो. शालनकडे बोट केलं आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी शालनकडे बघितलं, परत माझ्याकडे. मी दोन्ही बोटं जुळवली आणि लांब केली. धागा तुटला. मग तळहात छातीवर ठेवला. माझ्या हातनं.

म्हाताऱ्यानं माझ्या छातीवरच्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी हात वर करून आधी शालनला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिथून काढलाच नाही. शालन खाली बसली आणि तिचं तोंड गोधडीत गेलं. मी उठायला लागलो, तशी त्यांनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं आणि माझ्यासमोर अंगठा तर्जनीवर घासला. एकदा, दोनदा.

मी शालनला विचारलं, हे मला म्हणतायत का? काय म्हणतायत?

तिनं तोंड वर न करताच विचारलं, "तुम्हाला काय कळलं ते सांगा."

"गाठ मार म्हणतायत," मी म्हटलं. "गाठ मार आणि माग चालू कर."

"बरोबर," शालन म्हणाली.

चौतीस वर्षं हा शब्द मी वह्यांवर लाल शाईनं लिहीत आलो. मला तो कुणी म्हटलेला आठवत नाही. मी ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो, आणि सगळी गल्ली उभी राहून बघत होती.